कारवानी कुत्रं आणि घरातलं लेकरू

कारवानी हा दख्खनच्या पठारावरचा, नजरेनं सावज हेरून धावणारा शिकारी कुत्रा. लातूर जिल्ह्यातल्या देवणी गोवंशाचं नाव देशभर झालं. त्याच जिल्ह्यात पाळली जाणारी ही जात तितक्याच कौतुकाची आहे. निमुळतं तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट. कान-शेपटीवर रेशमी केस असले तर त्याला पश्मी म्हणतात.

अनोळखी हात त्याला खपत नाही. घरच्या लेकराशी मात्र त्याचं मेतकूट जमतं, कारण वास, आवाज आणि रोजचा घास ओळखीचा असतो. कुत्रा आणि मालक एकमेकांकडे पाहत राहिले की दोघांतही ऑक्सिटोसिन वाढतं, असं जपानी संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं.

तरी हा लळा मोठ्यांच्या नजरेखालीच वाढावा. भाकरीचा तुकडा घेऊन रांगत आलेल्या मुलानं कान ओढला की कुत्रा आधी तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो. ही नाराजी असते. तेव्हाच लेकराला उचलावं. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लं असलेल्या कुत्र्याजवळ त्याला जाऊच देऊ नये.

पिल्लाला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्यावी, पुढे दरवर्षी. मुलं बुटकी, त्यामुळे चावा तोंडा-मानेवर बसतो आणि विषाणू मेंदूपर्यंत लवकर पोचतो; शिवाय माराच्या भीतीनं ती सांगत नाहीत. जखम साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवावी, चुना-मिरची लावू नये आणि लगेच सरकारी दवाखाना गाठावा.