खाणारी तोंडं

आपल्याकडे कुटुंब मोजायची एक जुनी, काहीशी रोखठोक रीत आहे. 'माणसे किती?' असे न विचारता 'घरात खाणारी तोंडं किती?' असे विचारायचे. कमावणारे हात दोन आणि खाणारी तोंडं सात, एवढ्या एका वाक्यात कितीतरी मराठी घरांचा जमाखर्च मावलेला आहे. हा शब्दप्रयोग खास आपलाच वाटावा असा. पण कोरियन भाषेत घरच्या माणसांसाठी जो रोजचा शब्द आहे, 'शिक्कू', त्याचा अर्थ अक्षरशः हाच. 'शिक' म्हणजे खाणे आणि 'कू' म्हणजे तोंड. एका चुलीवरचे जे जेवतात, ते घरचे.

माझी मुलगी सोलमध्ये संशोधनाच्या नोकरीत आहे. तिच्याकडे दोन महिने राहून आले आणि त्या दोन महिन्यांत हा शब्द मला तिथल्या साध्यासुध्या खाणावळींमधून थोडाथोडा उलगडत गेला. कोरिया म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे मोबाइल, मोटारी आणि अलीकडे मालिका येतात. त्या देशाच्या पोटात शिरायचे, तर मात्र 'जिगे' नावाच्या उकळत्या भांड्यापाशीच बसावे लागते.

मुलीच्या खोलीपासून चार पावलांवर, गल्लीच्या तोंडाशी अशी एक खाणावळ आहे. हॉटेल म्हणणे जरा जास्तच होईल. आठ टेबले, चमचे आणि चॉपस्टिक्स टेबलाच्याच खणात ठेवलेल्या, भिंतीवर पाच-सहा पदार्थांची नावे आणि आत राबणाऱ्या दोन बायका. गिऱ्हाईक दारातून आत आले, की हाक मारते, 'इमो!' इमो म्हणजे आईची बहीण. म्हणजे आपली मावशीच! खाणावळीत पोळ्या लाटणारीला, शाळेत घंटा देणारीला, दवाखान्यात लादी पुसणारीला आपण जशी सरसकट मावशी करून टाकतो, तसेच हे. आणि या इमोने माझ्या मुलीला विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला, 'बाप मोगोस्सो?'

आमच्या मराठी कानाला हे जरा दचकवणारे! पण 'बाप' म्हणजे शिजवलेला भात आणि म्हणूनच जेवण. 'जेवलीस का?' एवढाच त्याचा अर्थ. खेड्यापाड्यांत अजूनही 'काय, जेवण झालं का?' हा प्रश्न नमस्काराच्या जागी येतो, तसाच हाही येतो. ज्या समाजांनी उपासमार पाहिलेली असते, त्यांची ख्यालीखुशाली बहुधा पोटापासूनच सुरू होत असावी.

टेबलावर आधी येतात त्या छोट्या वाट्या. किमची, वाफवलेला पालक, मुरवलेला मुळा, मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, एखादी खारवलेली मासळी. यांना 'बानचान' म्हणतात. आपल्या ताटाची डावी बाजू म्हणा ना! त्याचे वेगळे पैसे नाहीत आणि वाटी रिकामी झाली, की पुन्हा भरून मिळते. त्यामागोमाग भाताची झाकण घातलेली स्टीलची वाटी आणि मग 'तुकबेगी', म्हणजे जाड मातीचे काळपट भांडे. ते चुलीवरून थेट टेबलावर येते आणि टेबलावर आल्यानंतरही काही क्षण त्यातले जिगे रटरटत राहते.

जिगे म्हणजे आमटी आणि रस्सा यांच्या मधले काहीतरी. पुरेसे दाट, पुरेसे झणझणीत आणि भातावाचून अपुरे. जुनी, चांगली आंबट झालेली किमची आणि डुकराचे मांस घातलेले ते किमची-जिगे. लुसलुशीत टोफूचे ते सुंदुबु-जिगे. त्यात उकळी असतानाच कच्चे अंडे फोडतात. आणि सर्वांत घरगुती ते द्वेनजांग-जिगे, आंबवलेल्या सोयाबीनचे. सोयाबीन शिजवून, कुटून त्याच्या विटा करायच्या, त्या पेंढ्याने बांधून टांगायच्या, मग मिठाच्या पाण्यात मातीच्या रांजणांत महिनोन् महिने मुरवायच्या. त्यातून वर सोयासॉस निघतो आणि खाली राहते ते द्वेनजांग. २०१३ साली किमची घालण्याच्या सामुदायिक प्रथेला आणि २०२४ साली या मुरवणीच्या विद्येला युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत जागा दिली. शाकाहारी वाचकांनी मात्र नुसत्या सोयाबीनवर भुलू नये. पाण्यात बहुधा सुकी मासळी उकळलेली असते.

हे सारे खानदानी जिगे. पण मला खुणावत होते ते वेगळेच, बिनखानदानी. त्याचे नाव बुदे-जिगे. 'बुदे' म्हणजे लष्करी तुकडी, पलटण. पलटणीचा रस्सा.

२५ जून १९५० रोजी कोरियन युद्ध सुरू झाले आणि २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली. त्या तीन वर्षांत सोल शहर चार वेळा एका सैन्याच्या हातून दुसऱ्या सैन्याच्या हाती गेले. या युद्धाशी आपलाही एक धागा जुळलेला आहे. शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा सांभाळ भारतीय फौजेकडे आला होता आणि त्या फौजेचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांचा भारतीयांवर इतका राग, की आपल्या जवानांना त्यांच्या भूमीवर पाऊल ठेवू न देता बंदरातून हेलिकॉप्टरने सीमारेषेवरच्या छावणीत उतरवावे लागले होते!

युद्ध थांबले, तरी भूक थांबली नव्हती. अमेरिकन छावण्या तेवढ्या भरल्या पोटाच्या होत्या. त्यांच्या मेसमधले उरलेसुरले अन्न बाहेर येई, ते मोठ्या पातेल्यात उकळून बाजारात विकले जाई. त्याला लोक 'कुलकुरी-जुक' म्हणत, डुकरांची पेज. त्या पेजेत कधी सिगारेटचे थोटूक सापडे, कधी दुसऱ्याने चावलेला मांसाचा तुकडा. सोलच्या नामदेमुन बाजारात या पेजेसाठी लागलेली रांग एका उद्योजकाने पाहिली, तो अस्वस्थ झाला आणि १९६३ साली त्याच्या साम्यांग कंपनीने कोरियातले पहिले झटपट रामयन नूडल्स बाजारात आणले, असे तिथे आवर्जून सांगतात. आज जगभरची पोरे ज्या तिखट नूडल्सवर पैजा लावतात, त्या कंपनीचे मूळ असे डुकरांच्या पेजेपर्यंत जाऊन पोचते.

बुदे-जिगे ही त्या पेजेचीच धाकटी, जरा सावरलेली बहीण. छावणीतून चोरून-लपवून बाहेर आलेले डबाबंद मांस आणि सॉसेज कोरियन जिभेला बेचव आणि तेलकट लागे. बायकांनी त्यात किमची घातली, लाल तिखट घातले, पाणी वाढवले. पाच जणांचे मांस पंधरा तोंडांना पुरवायचे, तर रस्सा वाढवण्यावाचून दुसरा उपाय कोणता? हे गणित कुठल्याही मराठी गृहिणीला समजावून सांगावे लागणार नाही. पुढे त्यात रामयन आले, डब्यातला घेवडा आला, चीजचा चौकोनी तुकडाही आला. १९६६ साली अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन सोलला येऊन गेले, त्यांच्या नावाने 'जॉन्सन-तांग' नावाचा याचा एक अवतारही निघाला!

सोलच्या उत्तरेला, मेट्रोने तासाभराच्या अंतरावर, उइजोंगबू नावाचे शहर आहे. हे एके काळचे छावण्यांचे गाव. १९६० च्या सुमारास ढकलगाडीवर सुरू झालेली एक खाणावळ तिथे बुदे-जिगेची गंगोत्री मानली जाते आणि तिच्या आजूबाजूची अख्खी गल्ली आता याच एका पदार्थाची आहे. मध्यंतरी 'पलटण' या शब्दाची लाज वाटून गल्लीचे नावसुद्धा बदलले होते. पुढे लाज ओसरली आणि जुने नाव पुन्हा कमानीवर चढले. शहरातली मोठी अमेरिकन छावणी मात्र २०१८ साली बंद झाली. पलटण गेली, रस्सा राहिला.

एका मंगळवारी मुलगी कामावर गेल्यावर मी एकटीच तिकडे निघाले. गल्लीतल्या एका दुकानात शिरले आणि बोट दाखवून एक बुदे-जिगे मागितले. काउंटरवरच्या बाईंनी हसून मान हलवली आणि दोन बोटे वर केली. किमान दोघांचे घ्यावे लागेल. मी फोनवरच्या भाषांतर यंत्राकडून कारण विचारले. त्यांचे उत्तर यंत्राने मोडक्यातोडक्या इंग्रजीत दिले ते असे, की एका माणसाचे हे जिगे होतच नाही, त्याला चव येत नाही.

मी दोघांचे घेतले. बारा हजार वोन माणशी, म्हणजे आपले सातशे रुपयांच्या आसपास. टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर पसरट लोखंडी भांडे. बाईंनी येऊन कात्रीने सॉसेज कापले, नूडल्सची वडी मधोमध ठेवली, उकळी आल्यावर झाकण काढले. वर मिसळीसारखा लाल कट आला होता. चव? पहिल्या घासाला खारट-तिखट, दुसऱ्याला आंबट, आणि मग त्या साऱ्यांखाली डबाबंद मांसाची एक परकी, धुरकट चव. चांगले होते, खरेच चांगले होते. पण शेजारच्या टेबलावर चौघे जण एकाच भांड्यावर वाकले होते, एक जण दुसऱ्याच्या वाटीत न विचारता नूडल्स वाढत होता, आणि माझ्यासमोर अर्धे भांडे तसेच उरले होते. बाईंचे म्हणणे पटायला दुभाष्याची गरज उरली नाही.

माझी आई शेवटची नऊ वर्षे एकटी राहिली. हाताला चव अशी, की पानावर बसलेला उठत नसे. पण त्या नऊ वर्षांत कधीही विचारले, तरी उत्तर एकच, 'एकटीपुरतं काय रांधायचं? दूधभात खाल्ला.' उइजोंगबूच्या बाई आणि माझी आई एकच गोष्ट सांगत होत्या.

आणि आज त्या देशात 'एकटीपुरतं' हाच मोठा प्रश्न होऊन बसला आहे. २०२३ च्या सरकारी आकडेवारीनुसार दक्षिण कोरियातली ३५.५ टक्के घरे एकट्या माणसाची आहेत. एकट्याने जेवण्याला त्यांनी 'होनबाप' असा शब्दच काढला आहे. चोवीस तास उघड्या दुकानांत काचेकडे तोंड करून मांडलेल्या उंच टेबलांशी तरुण मुले-मुली कपातले रामयन आणि त्रिकोणी भाताचा गोळा खाऊन घेतात. माझी मुलगी त्यांतलीच एक. सहा वर्षे ती तिथे आहे. 'तुझं जेवण कसं चाललंय?' या माझ्या रोजच्या प्रश्नाला फोनवर ती 'मस्त' म्हणायची. त्या 'मस्त'ची काच आणि टेबल मी या खेपेला पाहिले. म्हणूनच त्या गल्लीतल्या इमोचे मला इतके अप्रूप. तिच्याकडे मातीच्या लहान भांड्यात एकटीपुरते जिगे मिळते, आणि वर 'जेवलीस का?' हा प्रश्न.

भूक होती तेव्हा आपल्याकडेही परक्याचे धान्य आले होते. अमेरिकेच्या ज्या पी. एल. ४८० कायद्याखाली कोरियात गव्हाचे पीठ उतरले, त्याच कायद्याखाली आपल्या रेशनच्या दुकानांत मिलो आला. ती लालसर ज्वारी, तिची थापताना तुटणारी भाकरी आणि बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी माझ्या पिढीला आठवते. आम्ही ती नाक मुरडून खाल्ली आणि सुबत्ता येताच विसरलो. कोरियनांनी आपली डुकरांची पेज विसरून न जाता तिला तिखट-मीठ लावून कमानीखाली मांडले. डबाबंद मांस तर तिथे आता सणासुदीला सजवलेल्या खोक्यांतून भेट देतात! यात कोणाचे बरोबर, हे मी ठरवणार नाही. अपमान पचवायच्या दोन तऱ्हा आहेत, एवढेच.

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. टंचाई होती तेव्हा भांडे एक होते आणि त्याच्याभोवती तोंडे फार होती. आता भांडी भरली आहेत. किराणा दुकानांत बुदे-जिगेचे एका माणसाचे तयार पाकीटही मिळते. पाणी घाला, उकळा, खा. आपल्या शहरांतल्या फ्लॅटमधून एकेकटी आईवडील माणसे डब्यावर जेवत आहेत आणि त्यांची मुले हजारो मैलांवर काचेकडे तोंड करून. घरात खाणारी तोंडं किती, हे विचारताना आजवर आपल्या मनात तोंडं जास्त झाल्याची धास्ती असे. यापुढे तोच प्रश्न उलट्या काळजीने विचारावा लागणार आहे, आणि त्याचे उत्तर 'एक' असे आले, तर निदान कोणीतरी 'जेवलीस का?' म्हणणारे जवळपास असावे, एवढी व्यवस्था तरी आपण करून ठेवायला हवी.