स्पॉन्सिआनचे सुवर्णनाणे

पुरातन नाणे अस्सल की बनावट, हा प्रश्न वरकरणी एकच भासला, तरी त्याच्या पोटात दोन स्वतंत्र प्रश्न असतात : ही वस्तू खरोखर त्या काळातली आहे काय, आणि जिचे नाव ती मिरवते त्या सत्तेच्या टांकसाळीतून ती बाहेर पडली काय. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे निर्णय कसा डळमळतो, याचा बोधप्रद दाखला स्पॉन्सिआनच्या नाण्याने घालून दिला आहे.

इ. स. १७१३ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातील काही सुवर्णनाणी उजेडात आली आणि व्हिएन्नाच्या बादशाही संग्रहाचा निरीक्षक कार्ल गुस्ताव हेरेयस याने त्यांची नोंद केली. त्यांतील काहींवर किरणमुकुटधारी स्पॉन्सिआनचे मुख होते; परंतु या नावाचा सम्राट कोणत्याही प्राचीन इतिहासकाराला ठाऊक नव्हता. पुढे १८६८ साली आंरी कोएन या फ्रेंच नाणेतज्ज्ञाने ती हीन प्रतीची अर्वाचीन बनावट ठरविली, आणि दीडशे वर्षे तोच फैसला बहुतांशी कायम राहिला.

त्या फैसल्याला आधार सबळ होता. रोमन टांकसाळीत धातूची चकती दोन ठशांमध्ये धरून हातोड्याच्या घावाने मुद्रा उमटवीत. ही नाणी मात्र साच्यात ओतलेली आहेत. सम्राटाचे नाव षष्ठी विभक्तीत घातले आहे, जे रोमन प्रघाताला सोडून आहे. आणि मागील बाजूचे चित्र तर इ. स. पूर्व १३५ च्या सुमारास गायस मिनुशियस ऑगुरिनस याने काढलेल्या चांदीच्या देनारियस नाण्यावरून, म्हणजे स्पॉन्सिआनच्या मानल्या गेलेल्या तिसऱ्या शतकाहून सुमारे चारशे वर्षे जुन्या नमुन्यावरून, उतरविलेले आहे.

२०२२ मध्ये पॉल पिअरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयातील या गटाची चार नाणी दोन निःसंशय अस्सल रोमन सुवर्णनाण्यांच्या जोडीने सूक्ष्मदर्शक, अतिनील प्रकाश व वर्णपट यांच्या साहाय्याने तपासली. वापराने पडणारे बारीक ओरखडे आणि सिलिकाने घट्ट धरून ठेवलेले मातीचे थर त्यांना आढळले. त्यावरून नाणी प्राचीन असून स्पॉन्सिआन हा तिसऱ्या शतकाच्या मध्यास रोमपासून तुटलेल्या डेशिया प्रांताचा सेनानी असावा, असे अनुमान त्यांनी मांडले. ब्रिटिश म्युझियमचे रिचर्ड ॲबडी यांनी त्याला जाहीर विरोध केला.

येथे प्रत्येक पुराव्याची मर्यादा जोखली पाहिजे. झीज कृत्रिमरीत्याही आणता येते. ओफेनबाखचा कार्ल व्हिल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) आपली नवी बनावट नाणी लोखंडी किसात घालून गाडीबरोबर खडखडत फिरवी. मातीचा घट्ट थर हा त्याहून वजनदार साक्षीदार खरा, पण त्याची साक्ष भूगर्भातील वास्तव्यापुरती चालते. सम्राटपदाची सनद त्याला देता येत नाही. दक्षिण भारतातील कारागिरांनी रोमन नाण्यांच्या ज्या प्रतिकृती घडविल्या, त्या प्राचीन काळच्याच आहेत, तथापि रोमच्या टांकसाळीशी त्यांचा संबंध नाही.

म्हणून माझ्या मते, मातीच्या थराचा पुरावा मान्य केला तरी स्पॉन्सिआनचे राज्य सिद्ध होत नाही, आणि ओतकाम व चित्र यांवरून रोमन टांकसाळ नाकारली तरी नाणे अर्वाचीन ठरत नाही. शास्त्रशुद्ध उत्खननात, ज्ञात काळाच्या स्तरात, असे एखादे नाणे मिळाले तर प्राचीनत्वाचा वाद मिटेल; सम्राटाच्या नावासाठी शिलालेखासारखा स्वतंत्र दस्तऐवजच हवा. तोवर या दोन प्रश्नांचे निवाडे वेगळे लिहिणे, हीच प्रामाणिक परीक्षकाची रीत होय.