माझी पहिली लाकडी वाटी

दिवाळीच्या सुट्टीत मी सावंतवाडीला मामांकडे गेलो होतो. मामा लेथवर लाकडी खेळणी करतात. पांगाऱ्याचं लाकूड मऊ, म्हणून मला तेच दिलं. लाकूड गरगर फिरतं, आपण पटाशी टेकूवर घट्ट धरायची. नाहीतर ती उडते! म्हणून मामांनी माझ्या हातांवर हात ठेवला होता. पण खोली बघायचं काम माझं. मधूनमधून लेथ थांबवून काठावर पट्टी आडवी ठेवायची आणि आत काडी सोडून मोजायचं. मजेत मी ते विसरलो आणि बुडाला भोक पडलं. वाटी आजीच्या सुपारीसाठी होती. मला रडूच आलं.

दुसरीचं बूड बोटभर जाड ठेवलं. फिरत्या वाटीवर लाखेची कांडी दाबली, की घासून लाख वितळते आणि रंग चढतो. लाल वाटी आजीकडे आहे. भोकाची वर्गातल्या कपाटावर ठेवली आहे, बोट घालून बघा.