डाव्या तळहातावर

किल्लारी, 30 सप्टेंबर. चार वाजायला अजून अवकाश आहे. घराला पक्कं छत आहे, पण आजी त्याखाली झोपत नाही. तिची बाज पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. आत्ताही ती तिथंच आहे, डोक्यावरून पाणी घेऊन, ओल्या केसांची गाठ मारून पाटावर बसलेली. कपाळावर भस्माचे तीन पट्टे. मी भिंतीला टेकून बसले आहे. 'शरणार्थ' एवढंच बोलणं झालंय आमचं.

ती गळ्यातलं लिंग सोडवते आणि डाव्या तळहातावर ठेवते. सुपारीहून थोडं मोठं, काळं, हाताळून गुळगुळीत झालेलं. उजव्या हातानं पळीभर पाणी, चिमूटभर भस्म, मग बेल. बेलाचं पान ठेवण्याआधी ती ते बोटांनी पुसते, फाटलेलं नाही ना बघते. तळहाताला मधोमध एक जुना व्रण आहे, वाकडा शिवलेला. पाणी त्या व्रणात साचतं. ओठ हलतात, आवाज येत नाही. असं बराच वेळ चालतं. शेजारच्या शेडमधूनही पितळेचा आवाज येतो. आज सगळी गल्लीच लवकर उठली आहे.

1993 साली याच पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. पोरं मिरवणुकीतून उशिरा आली आणि दमून घरात झोपली. घरं दगडमातीची, दोन-दोन हात रुंद भिंतींची, वर लाकूड आणि त्यावर मातीचं माळवद. दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडायची, जुनी कोणी काढायचं नाही. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सरकारी आकड्यांनुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. नंतर 52 गावं नव्या जागी वसवली. आजीचा नवरा, सासरा आणि दोन मुलगे त्या आठ हजारांत आहेत. लेक आजोळी होती म्हणून राहिली.

पूजा आटोपते. लिंगावरचं पाणी ती तोंडात घेते, लिंग वस्त्रात गुंडाळून पुन्हा गळ्यात बांधते, मग चुलीकडे वळते. चहा होईपर्यंत बोलते.

"दाराच्या चौकटीखाली अडकले होते मी. हा हात छातीवर दबलेला, मुठीत लिंग. दुपारी काढलं. लोक म्हनले, देवानं राखलं बाई तुला." ती कपात चहा ओतते. "मग माझ्या लेकरांच्या गळ्यात काय दगड होता का? त्यांच्याबी गळ्यात लिंगच होतं की."

या वाक्यावर मी काही बोलत नाही. काही बोलण्यासारखं नाहीच. वाचलेल्याला 'देवानं वाचवलं' म्हणताना आपण मेलेल्यांविषयीही काहीतरी बोलून जातो, आणि ते फार क्रूर असतं. आजीनं ते त्याच दुपारी ओळखलं.

तिचं खरं दुखणं आणखी आत आहे. लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात, हातात त्याचं लिंग असतं. त्या दिवशी पाऊस लागला होता, प्रेतं मोजण्यापलीकडची होती. पडक्या घरांचीच लाकडं रचून एकत्र अग्नी द्यावा लागला. "आमच्यात आग देत न्हाईत," ती म्हणते. "माझ्या चौघांना आमच्याच घराच्या तुळया लागल्या. ते शिवाजवळ पोचले का न्हाई, हे मी त्यालाच इचारते. रोज इचारते."

"काय सांगतो तो?"

"काय न्हाई."

त्यानंतर कितीतरी दिवस ती पूजेला बसायची, पण मुकी. हात चालायचा, मंत्र नाही, नाव नाही. लिंग मात्र उतरवलं नाही. पत्र्याच्या वस्तीत संध्याकाळी बाया मन्मथस्वामींचं 'परमरहस्य' ऐकायला जमायच्या. वाचणारी बाई भूकंपात गेली होती. अक्षर येणारी हीच उरली. बायांनी पोथी हिच्या मांडीवर ठेवली. "त्यांच्यासाठी तोंड उघडलं. त्याच्यासाठी न्हाई," ती सांगते. "मग वाचता वाचता त्याच्याशीबी बोलनं लागलं."

मला ही श्रद्धा फार मोठी वाटते. हिच्यात समजूत नाही, सौदा नाही, 'जे होतं ते भल्यासाठी' हे तर औषधालाही नाही. देवाला जाब विचारायचा आणि त्यालाच तळहातावर न्हाऊ घालायचं, दोन्ही एकाच बैठकीत. भिंती का पडल्या ते आजीला नीट ठाऊक आहे. दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते, वर माती भारंभार होती, हे ती गवंड्यासारखं हातानं दाखवून सांगते. भूकंपाचा दोष ती देवाच्या माथी मारत नाही. तिचं भांडण त्याच्या गप्प राहण्याशी आहे. आणि भांडायला तरी समोर कोणी लागतंच की.

उजाडल्यावर आम्ही जुन्या गावाकडे निघतो. वाटेत वेड्या बाभळी माजल्या आहेत. स्मृतिस्तंभापाशी गर्दी आहे. पोलिसांची तुकडी उभी, बंदुकांची मानवंदना होते. आवाजासरशी आजी दचकून माझा दंड धरते, मग सोडते. फुलं वाहिली जातात. भूकंपानंतर जन्मलेली मुलं मोबाईलवर चित्रण करताहेत, आणि आजी त्यातल्या एकाला जवळ बोलावून बोटानं दाखवते, तिकडं आमचं घर होतं, तिथून पुढं तुझ्या आजाचं. मुलगा मोबाईल खाली घेतो आणि तिच्या बोटाच्या दिशेनं चालू लागतो. जोत्याचे चार दगड तेवढे दिसतात. आजी पिशवीतून बेल काढून त्यांवर ठेवते, एकेका दगडावर एकेक पान.

परतताना ती कार्तिकाचं बोलते. कार्तिकी पौर्णिमेला बीडजवळ कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीची यात्रा असते, मराठवाड्यातून पायी दिंड्या जातात. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून लेकीनं या वेळी जीपमध्ये जागा धरली आहे. पोथी वाचायला तीच बसणार आहे.