बटणावर दुधी होणारी काच: घेण्याआधी, बसवताना आणि नंतर

काशीमीरा नाक्यावर मीरा-भाईंदर रस्ता महामार्गाला मिळतो. तिथून कुठल्याही बाजूला निघालो तरी काचेच्या दर्शनी भागांची दुकाने, दवाखाने, हॉटेले आणि नवे टॉवर दिसत राहतात. या काचांना पडदा लावायचा की फिल्म, हा जुना प्रश्न. आता तिसरा पर्यायही आला आहे: बटण दाबताच स्वच्छ दिसणारी आणि बंद करताच दुधी होणारी काच. कोटेशनमध्ये तिच्यापुढे नुसते ‘स्मार्ट ग्लास’ लिहिलेले असते. या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, आणि बहुतेकांचे पैसे वाया जातात ते हा फरक कुणी समजावून न सांगितल्यामुळे.

म्हणून पहिली पायरी दुकानात जाण्याआधीची. आपल्याला आडोसा हवा आहे की ऊन अडवायचे आहे, हे आधी ठरवावे. डॉक्टरांना तपासणीच्या खोलीसाठी आडोसा हवा असतो. पश्चिमेच्या बेडरूमला मे महिन्यात दुपारी तीननंतर उन्हापासून सुटका हवी असते. या दोन गरजांना एकच काच पुरत नाही.

आपल्याकडे सर्रास मिळते ती दुधी होणारी काच. तिला पीडीएलसी म्हणतात. प्लास्टिकच्या थरात द्रवस्फटिकाचे, म्हणजे द्रवासारखे वाहणाऱ्या पण स्फटिकासारखी रचना धरणाऱ्या पदार्थाचे, अतिसूक्ष्म थेंब अडकवलेले असतात. या थराच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लास्टिकची फिल्म असते आणि तिच्या आतल्या अंगाला इंडियम टिन ऑक्साइडचा, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या पण डोळ्यांना न दिसणाऱ्या धातूच्या ऑक्साइडचा, मुलामा असतो. ही सगळी चवड मिळून जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची भरते.

वीज नसते तेव्हा थेंबांतले रेणू वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. थेंबातून आणि प्लास्टिकमधून प्रकाश सारख्या वेगाने जात नाही, त्यामुळे तो प्रत्येक थेंबापाशी वळतो, विखुरतो आणि काच दुधी दिसते. वीज दिली की रेणू एका दिशेला वळतात, थेंब आणि प्लास्टिक यांतला तो फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि प्रकाश सरळ पार जातो. वडापावच्या कागदाला तेल लागले की तेवढाच भाग अर्धपारदर्शक होतो, त्यामागे हेच कारण आहे: कागदाच्या तंतूंमधल्या हवेची जागा तेलाने घेतली की प्रकाशाचे विखुरणे कमी होते.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही काच स्वच्छ दिसण्यासाठी वीज खाते, दुधी राहण्यासाठी नाही. वीज गेली तर आडोसा टिकतो. दवाखाना, कपडे बदलण्याची खोली किंवा हॉटेलचे स्नानगृह यांसाठी हा गुण मोठा आहे.

वीज तशी थोडीच लागते, चौरस मीटरला साधारण ५ वॅट. चार फूट बाय पाच फुटांची काच रोज दहा तास स्वच्छ ठेवली तर महिन्याला तीन युनिटच्या आत भागते. बिलाची चिंता करण्याचे कारण नाही.

आता उन्हाचा प्रश्न. काशीमीऱ्याच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत आणि पश्चिमेला मिठागरे, खाडी व समुद्र. पश्चिमेच्या उंच मजल्यांवर दुपारनंतरचे ऊन आडव्या कोनातून थेट खिडकीत येते. विक्रेता काच दुधी करून दाखवतो, डोळ्यांना गारवा वाटतो आणि गिऱ्हाईक समजते की उष्णताही अडली. तसे होत नाही. दुधी काच प्रकाश विखुरते, पण त्यातला बराचसा पुढे, खोलीतच ढकलते. डोळ्यांवर येणारी तिरीप जाते. एसीवरचा भार मात्र फारसा कमी होत नाही. उष्णतेसाठी पीडीएलसी घेऊ नये, हे मी शेजारधर्म म्हणून स्पष्टच सांगतो.

उन्हावर खरा उपाय असलेली काच वेगळी आहे. तिला इलेक्ट्रोक्रोमिक म्हणतात, म्हणजे विजेने रंग बदलणारी. तिची रचना बॅटरीचीच. एका बाजूला टंगस्टन ऑक्साइडचा पातळ थर, दुसऱ्या बाजूला बहुधा निकेल ऑक्साइडचा, आणि मध्ये विद्युतभारित कण ये-जा करू शकतील असा थर. एक-दोन ते पाच व्होल्टचा एकदिश दाब दिला की लिथियमचे कण टंगस्टन ऑक्साइडमध्ये शिरतात आणि काच निळसर गडद होते. दाब उलटा केला की कण परततात आणि काच उजळते. चांगल्या काचेतून येणारा प्रकाश सुमारे ६० टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत खाली आणता येतो, आणि एकदा बदल झाला की ती स्थिती टिकवायला नाममात्र वीज लागते.

टंगस्टन ऑक्साइडचा हा गुण भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ सत्येन देब यांनी अमेरिकेत दाखवून दिला. त्यांचा निबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या महाराष्ट्रातही यावर दीर्घकाळ काम झाले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. प्रमोद पाटील आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तापवलेल्या काचेवर द्रावणाची फवारणी करून असे पातळ थर तयार करण्याच्या पद्धती अभ्यासल्या. महागडी निर्वात यंत्रे न वापरता थर बसवता आला तर काच स्वस्त होऊ शकते, म्हणून या कामाचे मोल मला फार वाटते.

बोइंग ७८७ विमानाने आपण प्रवास केला असेल तर ही काच हाताळलीही असेल. त्याच्या खिडक्यांना खाली ओढायची झडप नाही, बटण आहे, आणि दाबल्यावर काच हळूहळू निळी होते. ‘हळूहळू’ हा शब्द महत्त्वाचा. घराच्या मोठ्या काचेला पूर्ण गडद व्हायला बरीच मिनिटे लागतात. शिवाय गडद झाली तरी ती पारदर्शक राहते, त्यामुळे रात्री आत दिवा असताना आडोशासाठी तिच्यावर विसंबता येत नाही.

तिसरा प्रकार एसपीडी, म्हणजे तरंगत्या कणांची काच. तीत प्रकाश शोषणारे सूक्ष्म कण असतात. वीज नसताना काच गडद, दिल्यावर काही सेकंदांत उजळ. महागड्या मोटारींच्या छतात ती वापरली जाते. घरासाठी सध्या तिचा विचार न केला तरी चालेल.

इलेक्ट्रोक्रोमिक काच पश्चिमेच्या खिडकीला योग्य, मग तीच घ्यावी का? एखाद-दुसऱ्या खिडकीसाठी माझे उत्तर नाही असे आहे. ती दुहेरी काचेच्या बंद संचात कारखान्यातूनच मापाप्रमाणे तयार होऊन येते, जागेवर कापता येत नाही, आणि एक तावदान बिघडले तर तसेच दुसरे मिळवणे अवघड. या धंद्याची वाढही सरळ रेषेत झालेली नाही. अमेरिकेतील व्ह्यू या कंपनीत सॉफ्टबँकेने २०१८ मध्ये एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम गुंतवली होती. एप्रिल २०२४ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीतील संरक्षणासाठी अर्ज केला. वीस वर्षे टिकायला हवी अशी वस्तू घेताना बनवणारा तितकी वर्षे उभा राहील का, हेही पाहावे लागते. पश्चिमेच्या एका खिडकीसाठी बाहेरून छज्जा, उभे पाखे, बांबूची चिक किंवा उष्णता परतवणारी लो-ई काच हेच खर्चाला जागणारे उपाय आहेत. ऊन काचेच्या बाहेरच अडवले तर उत्तम.

तेव्हा आपण आडोशासाठी पीडीएलसी ठरवली असे धरू आणि पुढच्या पायऱ्या पाहू.

आधी तावदान हलते की स्थिर आहे ते पाहावे. मुंबई-मीरा रोडकडच्या घरांत बहुतेक खिडक्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या असतात. या काचेला मात्र दोन तारा जोडलेल्या असाव्या लागतात. सरकत्या शटरबरोबर तार रोज वाकते, ट्रॅकमध्ये घासते आणि शेवटी तुटते. स्थिर पार्टिशन ही या काचेसाठी सर्वांत चांगली जागा. दरवाजा असेल तर बिजागरीपाशी लवचीक तार खास नळीतून न्यावी, आणि फॅब्रिकेटरला हे सेक्शन कापण्याआधी सांगावे.

मग फिल्म घ्यायची की काच. आहे त्या काचेवर मागून चिकटवायची फिल्म स्वस्त पडते. दोन काचांच्या मध्ये फिल्म दाबून केलेली लॅमिनेटेड काच महाग, पण टिकाऊ. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने दमट आणि खाडीची हवा बारमाही खारट; उघड्या कडेतून ओल आत शिरते आणि फिल्म काठाकडून सुटू लागते. स्नानगृहाजवळ किंवा बाहेरच्या भिंतीत लॅमिनेटेडच घ्यावी. फक्त कोरड्या केबिनमध्ये चिकटवायची फिल्म चालेल. ती नेहमीच्या सनफिल्मसारखी साबणाचे भरपूर पाणी मारून बसवायची नसते, हे कारागिराला विचारून घ्यावे; कडेतून पाणी आत जाण्याचा धोका असतो. खडबडीत नक्षीच्या काचेवर ती बसतच नाही.

माप घेताना घाई नको. टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, आणि लॅमिनेट केलेली पीडीएलसी जागेवर घासून-कापून बसवायचा प्रयत्न केला तर आतले दोन वाहक थर एकमेकांना टेकतात, ठिणगी पडते आणि कडेला काळा डाग येतो. भिंत, लादी आणि फ्रेम पूर्ण झाल्यावरच अंतिम माप द्यावे. चौकट गुण्यात नसेल तर आधी ती सरळ करून घ्यावी. इमारतीबाहेरून दिसणारी काच बदलायची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी याच टप्प्यावर घ्यावी.

कडेची जोडणी हा सगळ्या कामातला नाजूक भाग. फिल्मच्या काठावर एका बाजूचे प्लास्टिक सोलून, आतला थर पुसून, वाहक मुलाम्यावर तांब्याची पट्टी बसवतात आणि तिला तार जोडतात. मुलामा खरवडला गेला तर काचेचा एक भाग दुधीच राहतो किंवा उशिरा उजळतो. नंतर कड सीलबंद करतात. इथे वापरायचे सिलिकॉन ‘न्यूट्रल’ असावे. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे साधे सिलिकॉन तांबे आणि कड दोन्ही खराब करते. दुकानात तेच सहज मिळते म्हणून तेच वापरले जाते. नळीवरचे नाव आपण स्वतः वाचावे.

तारा थेट घरातल्या २३० व्होल्टला जोडायच्या नसतात. मध्ये एक ट्रान्सफॉर्मर असतो, जो साधारण ४८ ते ६५ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब देतो, म्हणजे दिशा सतत उलटसुलट होणारा. एकदिश दाब दिला तर थरातले विद्युतभारित कण एकाच बाजूला साचून फिल्म हळूहळू मरते. म्हणून एलईडीचा ॲडॉप्टर ‘चालतो का बघू’ म्हणून जोडू नये. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर हा ट्रान्सफॉर्मर चालेल का, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.

ट्रान्सफॉर्मर फॉल्स सीलिंगच्या आत कायमचा गाडून टाकतात, ही दुसरी नेहमीची चूक. वर्षा-दोन वर्षांनी तो बदलावा लागला तर छत फोडावे लागते. हात जाईल अशी झडप ठेवावी आणि हवा खेळती असावी. ६५ व्होल्टचा दाब ओल्या हाताला निरुपद्रवी नाही. स्नानगृहातल्या जोडणीमागे गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी हवेच. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

काच बसली की पैसे चुकते करण्याआधी ती नीट पाहावी. स्वच्छ स्थितीत समोरून छान दिसते, पण तिरक्या कोनातून थोडी धुरकट दिसते; हा दोष नसून या काचेचा स्वभाव आहे, मात्र तो आपल्याला चालेल का ते नमुन्यावर आधीच ठरवावे. रात्री आतला दिवा लावून, माणूस काचेजवळ उभा करून बाहेरून पाहावे. काचेला चिकटून उभे राहिले तर आकृती उमटते. दोन-तीन फूट मागे गेले की विरघळते. तपासणीचे टेबल किंवा शॉवर काचेला अगदी लागून ठेवू नये, ते याचमुळे. चारही कडा, कोपरे आणि ट्रान्सफॉर्मरची गुणगुण याच वेळी तपासावी.

जिथे धडकण्याचा संभव आहे तिथे काचेवर आयएस २५५३ या सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाची खूण आहे ना, तेही पाहावे. फिल्म ‘स्मार्ट’ असली तरी तिच्या दोन्ही बाजूंची काच साधी असू शकते.

कोटेशनमध्ये दर चौरस फुटाचा असतो, पण त्यात ट्रान्सफॉर्मर, वायरिंग, बसवण्याची मजुरी, वाहतूक आणि जीएसटी धरले आहे की नाही, हे वेगवेगळे मांडून मागावे. वॉरंटीही तीन गोष्टींची वेगळी लिहून घ्यावी: फिल्म, लॅमिनेशनच्या कडा आणि ट्रान्सफॉर्मर. ‘पाच वर्षे वॉरंटी’ एवढ्या शब्दांवर भांडण झाल्यास हाती काही लागत नाही.

रोजच्या वापरात मऊ, किंचित ओलसर कापड पुरते. अमोनियाचा स्प्रे कडेवर मारू नये. पहिला पावसाळा संपला की चारही कडा उजेडात तपासाव्यात. कुठे पांढरी रेघ, बुडबुडा किंवा न उजळणारा पट्टा दिसला तर तारीख दिसेल असा फोटो काढून, वॉरंटीची मुदत असेपर्यंतच विक्रेत्याला लेखी कळवावे.