वीतभर मातीचं झाड

सकाळी ५:३०
मे महिन्याचा शेवटचा शनिवार. सिएटलच्या पूर्वेला, लेक वॉशिंग्टनच्या पलीकडच्या काठावर आमचं घर आहे आणि या दिवसांत सव्वापाचलाच उजाडतं. चहाचा कप हातात घेऊन बागेत पहिली फेरी. या फेरीत फुलांकडे बघायचं नाही, पानांकडे बघायचं. फुलांचं काय, झाड शेवटच्या घटका मोजत असलं तरी ती भरभरून येतात. खरं काय चाललंय ते पान सांगतं.

कुंपणाजवळच्या ऱ्होडोडेंड्रॉनची पानं आज लोंबलेली दिसतात. (इथे या झाडाला सगळे लाडाने ‘रोडी’ म्हणतात, मीही तेच म्हणते.) पानं लोंबली की नवखा माणूस आधी पाण्याची नळी उचलतो. पण मुळाशी पाणी नसलं तरी पानं लोंबतात आणि पाणी साचून मुळं कुजली तरी लोंबतात. म्हणून आधी आच्छादन बाजूला सारायचं आणि मातीत बोट घालायचं. माती कोरडी ठणठणीत. पलीकडच्या रेड सीडरने सगळी ओल ओढून घेतलेली. आता नळी आणायला हरकत नाही.

सकाळी ८:००
आज मोठं काम सुकलेले तुरे काढण्याचं. ‘जीन मरी’ नावाचा लालभडक वाण आता तपकिरी पडलाय. वाळक्या तुऱ्याचा देठ अंगठा आणि तर्जनीत धरायचा, बाजूला वाकवायचा, की कट्‌कन मोडतो. बोटांना चिकट रस लागतो, तो साबणानेही पटकन जात नाही. जपायचं ते एवढंच, की देठाच्या अगदी बुडाशी दोन-तीन हिरवे, टोकदार कोंब बसलेले असतात. पुढची फांदी त्यातूनच येते आणि उन्हाळ्यात त्या फांदीच्या टोकाला पुढच्या वर्षीची कळी धरते. घाईने खाली ओढलं तर तुऱ्याबरोबर कोंबही हातात येतो आणि पुढच्या मेमध्ये ती फांदी रिकामी राहते.

तुरे काढले नाहीत तर झाड मरत नाही. बी धरण्यात त्याची थोडी ताकद जाते, एवढंच. जंगलात कोण काढायला जातं? पण लहान रोपाला या कामाचा फायदा होतो, आणि मला ते मनापासून आवडतं. शिडीवर चढून वीस फुटी झाडाचे तुरे काढणारी माणसं मात्र मला कळलेली नाहीत.

सकाळी १०:००
बाबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेत. तिकडे त्यांची गुलाबाची बाग आहे, त्यामुळे झाड कसं लावायचं हे त्यांना कुणी सांगायचं नसतं. नर्सरीतून आणलेलं रोप बघून ते कुदळ घेऊनच आले.

“दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल घेऊ. खाली पालापाचोळा, वर शेणखत, मूठभर निंबोळी पेंड.”

“बाबा, खड्डा हवा तेवढा रुंद घ्या, खोल नको. मुळांभोवतीच्या मातीच्या हुंडीच्या उंचीपेक्षा दोन इंच कमीच ठेवा.”

“कमी? मग झाड वर राहील की!”

“वरच राहू द्या.”

“वाऱ्याने पडेल गं.”

नाही पडत. या झाडाला सोटमूळच नसतं. केसासारखी बारीक मुळं वरच्या वीत-दीड वीत मातीत आडवी पसरतात, त्यांना हवा लागते आणि ओलही लागते. आमच्याकडे थोडं खाली गेलं, की हिमनदीने दाबून ठेवलेला दगडगोट्यांचा घट्ट थर लागतो. त्यात खोल खड्डा घेतला तर ऑक्टोबर ते एप्रिलच्या पावसात त्याचा हौद होतो आणि झाड उभ्या उभ्या कुजतं. शेणखतही नको, कारण इथल्या दुकानातल्या पिशवीबंद खतात क्षार जास्त असतात आणि ही नाजूक मुळं क्षारांनी करपतात. खड्ड्यातून निघालेली मातीच परत घालायची.

रोप आधी बादलीत बुडवून ठेवलं होतं. नर्सरीवाले ते सालीच्या भुशात वाढवतात. हा भुसा एकदा वाळला, की पाणी वरून ओघळून जातं, आत शिरत नाही. बुडबुडे यायचे थांबले, की हुंडी भिजली. कुंडीतून काढली तर मुळं कुंडीच्याच आकारात गोल गोल फिरलेली. मी सुरी घेऊन हुंडीच्या बाजूंवर वरून खाली इंचभर खोल चिरे दिले आणि कडेची मुळं बोटांनी विस्कटली. बाबांनी तोंड फिरवलं. पण हे केलं नाही, तर मुळं बाहेरच्या मातीत शिरतच नाहीत आणि दोन वर्षांनी झाड सहज हाताने उपसून निघतं.

मग हुंडीचा माथा जमिनीच्या वर, बाजूने मातीचा उतार, आळं नाही. वर लाकडाच्या चिपांचं दोन-तीन इंच आच्छादन, खोडापासून चार बोटं दूर. यापुढे इथे खुरपं चालवायचं नाही. तण हाताने उपटायचं, कारण खुरपं ज्या थरात फिरतं त्याच थरात या झाडाचा सगळा जीव आहे.

लावणीला खरं तर शरद ऋतू बरा, पाऊस तोंडावर असतो. पण रंग पाहून रोप घ्यायचं तर मेमध्येच घ्यावं लागतं, आणि मग पहिले दोन उन्हाळे पाण्याची जबाबदारी आपली. पावसाच्या शहराची ख्याती ऐकून आलेल्यांना खोटं वाटेल, पण इथे जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात.

दुपारी १२:३०
पिठलं-भाकरी. जेवण होतंय तोवर शेजारीणबाई त्यांच्या रोडीची दोन पानं घेऊन दारात. पान पिवळं, शिरा हिरव्या. बाबा बघताक्षणी म्हणाले, “केवडा पडलाय.” अगदी बरोबर. त्यांच्या द्राक्षाच्या गावात हेच पान बघायला मिळतं. बाईंचं झाड घराच्या काँक्रीटच्या पायाला लागून आहे. काँक्रीटमधला चुना पावसाबरोबर मातीत उतरतो, सामू (पीएच) वर चढतो आणि मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. या झाडाला सामू साडेचार ते सहाच्या दरम्यान लागतो.

बाई कॉफीचा चोथा घालत होत्या. वापरलेल्या चोथ्यात आंबटपणा फारसा उरलेला नसतो. दुकानात अ‍ॅल्युमिनियम सल्फेट मिळतं, ते हायड्रेंजियाला चालतं, रोडीला मात्र विषासारखं लागतं. गंधक किंवा हिराकस चालेल, पण सगळ्यात सोपं म्हणजे झाड उचलून चार फूट पलीकडे लावणं. मुळं उथळ असल्यामुळे मोठी रोडीसुद्धा हुंडीसकट निघते. पावसाळा लागला की करू, असं ठरलं.

दुपारी ३:००
उन्हात काम नाही. सावलीत खुर्च्या टाकल्या. समोर ‘लोडरी किंग जॉर्ज’चे शेवटचे पांढरे तुरे वास सोडतायत. बाबा तरुणपणी हिमालयात ट्रेकला गेले होते, त्यामुळे त्यांच्या लेखी हा तिकडचा बुरांशच, आणि ते फारसं चुकत नाहीत. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर 1848 ते 1850 या काळात सिक्कीम-हिमालयात फिरला. त्याने धाडलेल्या बियाण्याने ब्रिटनमधल्या बागांना या झाडाचं वेड लावलं. लोडरीचा संकर 1901 मध्ये ससेक्समधला. त्याच्या आईबापांपैकी एक झाड पूर्व हिमालयातलं, दुसरं चीनमधलं. वॉशिंग्टन राज्याची स्वतःची जंगली रोडी वेगळी. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी राज्याचं फूल हवं म्हणून 1892 मध्ये इथल्या बायकांनी मतदान करून तिला निवडलं. बायकांना निवडणुकीत मत नव्हतं तेव्हाची ही गोष्ट.

“याचं सरबत करतात. आम्ही प्यायलोय,” बाबा म्हणाले.

“ते लाल बुरांशाचं. बागेतल्या फुलांना तोंडही लावायचं नाही.” या कुळातल्या बऱ्याच झाडांच्या पानाफुलांत ग्रेयानोटॉक्सिन नावाचं विष असतं. कुत्र्या-शेळ्यांना ते बाधतं आणि माणसालाही बाधतं. देवाला वाहायला हरकत नाही.

संध्याकाळी ५:००
अझेलियांची छाटणी. अझेलिया म्हणजे रोडीच्याच कुळातली धाकटी शाखा. बहुतेकींच्या फुलात पाच पुंकेसर असतात, रोडीत दहा किंवा जास्त. छाटायचं ते फूल ओसरल्या ओसरल्या. ऑगस्टमध्ये कात्री लावली तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात. विजेच्या कात्रीने अझेलियांचे गोल गोळे करणारे माळी इथे गल्लोगल्ली आहेत. मला तो प्रकार बघवत नाही. लांबलेली फांदी आत हात घालून कापावी, झुडूप आपल्या आकारात राहतं.

रस्त्याकडेच्या दोन झुडपांची पानं वरून पांढुरकी, ठिपके-ठिपके झालेली. उलटून पाहिली तर खाली काळे, चकचकीत डाग. जाळीदार पंखांचा बारीक किडा आहे, पानामागे बसून रस शोषतो. भर उन्हातल्या झुडपांवर जास्त. पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा जोरकस फवारा मारला. दोन दिवसांनी परत मारावा लागेल.

रात्री ९:४५
अंधार पडला, बॅटरी काढली. सकाळी पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या होत्या. तो सोंड्याचा उद्योग, तांदळातल्या सोंड्याच्याच कुळातला, पण अंगाने मोठा. याला उडता येत नाही, दिवसा पाचोळ्यात लपतो, रात्री खोडावरून चढतो. पानाला हात लागताच मेल्यासारखा टपकन खाली पडतो, म्हणून झाडाखाली जुनी पांढरी चादर आधीच पसरायची. बॅटरी बाबांनी धरली, फांदी मी हलवली, पडले ते साबणाच्या पाण्यात. कुरतडलेल्या पानांनी झाडाचं फार बिघडत नाही. याच्या अळ्या मात्र मातीत मुळं खातात, आणि मुळं तर एवढीशी.

रात्री १०:१५
बाबांनी दुपारीच लोडरीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. तिकडे आता सकाळ. काकूचा प्रश्न आलाय: “नाशकात येईल का? ऑनलाइन रोप मिळतंय.”

उत्तर लिहून टाकलं, आणि ते देशावरच्या सगळ्यांनाच लागू आहे. काकू, पैसे घालवू नका. आपली काळी जमीन चुनखडीची, सामू साडेसात-आठच्या पुढे, बोअरचं पाणी जड, एप्रिल-मेच्या रात्रीही उकाड्याच्या. रोप एखादा हिवाळा काढेल, मग केवडा पडेल आणि जाईल. त्यापेक्षा मार्चअखेर-एप्रिलमध्ये उत्तराखंडात चोपता-तुंगनाथच्या वाटेवर जा. तिथे बुरांशाचं अख्खं रान फुललेलं असतं.