छांदिष्टांची दुर्बीण

जुन्नर तालुक्यातलं येडगाव बाहेरच्या माणसाला माहीत असतं ते धरणामुळे. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी हे एक. शेजारचं नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध. जत्रेची सुपारी द्यायला गावोगावचे कारभारी इथल्या राहुट्यांवर येतात. जुनी यंत्रं, जुने व्हिडिओ गेम आणि घरी जुळवलेले रेडिओ यांचा नाद असलेल्या माणसाने मात्र या टापूचा वेगळा नकाशा काढायला हवा. त्यावर पहिली खूण आर्वीला पडेल. १९७१ मध्ये तिथे सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी उभी राहिली आणि परदेशी दूरध्वनी उपग्रहामार्फत जोडणारं भारताचं पहिलं व्यावसायिक भू-केंद्र सुरू झालं. पुढे त्याला विक्रम साराभाईंचं नाव मिळालं. दुसरी खूण खोडदची. तिथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मध्यवर्ती भागात दाटीने उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर शिवाराशिवारांतून पसरल्या आहेत. दोन टोकांमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर.

जीएमआरटीवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि त्यात बहुधा आकाराचं कौतुक असतं. मला तिच्या घडणीतली वृत्ती जास्त ओढून घेते. कुणीतरी मोडीत काढलेलं उचलायचं, एका कामासाठी बनलेलं दुसऱ्याच कामाला जुंपायचं आणि हे करताना हिशेब पक्का ठेवायचा, ही छांदिष्टाची वृत्ती या दुर्बिणीच्या वंशावळीत पहिल्या पिढीपासून आहे.

परसातली तबकडी

आकाशातून रेडिओ लहरी येतात हे कार्ल जान्स्की या अमेरिकी अभियंत्याला १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कळलं, तेही दूरध्वनी सेवेतली खरखर शोधता शोधता. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. लक्ष दिलं ते ग्रोट रेबर या हौशी रेडिओचालकाने. इलिनॉय राज्यातल्या व्हीटन गावी, घराच्या परसात, स्वतःचे पैसे घालून त्याने १९३७ मध्ये साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभारली. दिवसा नोकरी आणि रात्री नोंदी असा त्याचा क्रम होता. आकाशगंगेचे रेडिओ नकाशे त्याने असे तयार केले. पुढची काही वर्षं जगात या विषयावर सातत्याने काम करणारा जवळपास तो एकटाच होता.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा रडारची सामग्री आणि रडार जाणणारी माणसं मोकळी झाली. ऑस्ट्रेलियात या दोन्हींतून रेडिओ खगोलशास्त्राची एक नामांकित शाळा उभी राहिली. १९५३ मध्ये गोविंद स्वरूप हा तरुण भारतीय भौतिकशास्त्रज्ञ तिथे शिकायला गेला. सिडनीजवळच्या पॉट्स हिल इथे सूर्याचं निरीक्षण करणाऱ्या ३२ छोट्या तबकड्या होत्या, प्रत्येकी सहा फूट व्यासाच्या. त्यांचं तिथलं काम संपत आलं होतं आणि त्या मोडीत निघणार होत्या. स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागितल्या आणि ऑस्ट्रेलियन संस्थेने त्या भेट म्हणून दिल्या.

भेट दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत पोहोचली आणि पडून राहिली. दरम्यान स्वरूप अमेरिकेला गेले, स्टॅनफर्डला डॉक्टरेट केली आणि होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. मग त्या तबकड्यांना मुंबईजवळ जागा मिळाली. १९६५ मध्ये कल्याणला २४ तबकड्या पूर्व-पश्चिम ओळीत आणि ८ उत्तर-दक्षिण ओळीत मांडून सूर्याचा अभ्यास सुरू झाला. अनेक अँटेनांचे संदेश एकत्र जुळवण्याचं तंत्र भारतात प्रत्यक्ष वापरात आलं ते या जुन्या मालावर. खोडदची मंडळी ज्या घराण्यातली, त्याचं हे मूळ घर.

तारेची जाळी

१९७० मध्ये याच मंडळींची उटीची दुर्बीण तयार झाली, ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. तिच्यासाठी असा डोंगर निवडला होता की त्याचा उतार त्या जागेच्या अक्षांशाइतकाच, सुमारे ११ अंश भरावा. त्यामुळे दुर्बिणीचा लांब आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि ताऱ्याचा माग एकाच आसाभोवती फिरून तासन्‌तास काढता येऊ लागला. महागड्या यंत्रणेचं अर्धं काम डोंगराने केलं.

खोडदला डोंगराऐवजी जाळी कामाला आली. ४५ मीटरची तबकडी भरीव पत्र्याची करायची तर वजन आणि वाऱ्याचा रेटा पेलायला प्रचंड सांगाडा लागतो आणि खर्च हाताबाहेर जातो. स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलट बाजूने मांडला: ज्या लहरी पकडायच्या आहेत, त्यांना पत्रा लागतो का? जीएमआरटीसाठी सर्वांत आखूड लहर साधारण २१ सेंटिमीटरची. एक-दोन सेंटिमीटरची भोकं तिला दिसतच नाहीत. येडगावच्या पाण्यात टाकलेल्या जाळ्यातून पाणी निघून जावं आणि मासा अडकावा, तसं वारा आरपार जातो आणि लहर परतते. म्हणून नळ्यांच्या १६ चापांवर दोरासारख्या ताणलेल्या तारा आणि त्यावर ०.५५ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी, मधल्या भागात बारीक विणीची आणि कडेकडे मोठ्या विणीची, अशी रचना झाली. वाऱ्याला अडवणारा भाग जेमतेम ७ टक्के राहिला.

याला कुणी 'जुगाड' म्हणतं तेव्हा मला ते पटत नाही. जुगाडात वेळ मारून नेलेली असते. इथे काय सोडायचं हे आधीच कागदावर ठरलं होतं. या जाळीने फार आखूड लहरी टिपता येणार नाहीत हे मान्य करून, लांब लहरींच्या पट्ट्यात जगातल्या उत्तम दुर्बिणींच्या पंक्तीला बसायचं असा तो सौदा होता. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटा यांच्या हस्ते दुर्बीण जगभरच्या वैज्ञानिकांसाठी समर्पित झाली. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपच्या शियापारेली यानाचा क्षीण संदेश खोडदच्या याच जाळ्यांत सापडला होता.

कॅसेटमधला पूर्वज

आता व्हिडिओ गेमकडे वळू. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय मराठी घरात टीव्हीला जोडायचा जो गेम आला, तो बहुधा निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल असे. मूळ यंत्र १९८३ चं, जपानचं. मारिओ आणि काँट्रा या नकलांमुळेच इथल्या मुलांच्या ओळखीचे झाले. गेमच्या डबीला सगळे कॅसेटच म्हणायचे आणि ती लागली नाही की तिच्यात फुंकर मारायचे.

त्या स्वस्त यंत्रात एक गोष्ट फार शहाणपणाची होती. खेळाचे नियम चालवायला एक चिप आणि पडद्यावर चित्र काढायला वेगळी चिप. चित्राच्या चिपला एका वेळी ६४ हलती चित्रं सांभाळता येत, पण पडद्याच्या एका आडव्या रेषेवर फक्त आठ. शत्रू एका रांगेत जास्त झाले की ते लुकलुकायचे, ते याच कारणाने. प्रोग्रॅम लिहिणारे आळीपाळीने काहींना वगळून सगळे दिसत असल्याचा भास करून द्यायचे. पडद्याची पुढची रेषा कुणासाठी थांबत नाही. तिच्या आत हिशेब उरकलाच पाहिजे.

खेळांची चित्रं जशी भरगच्च झाली, तशी ही चित्राची चिप वाढत गेली. १९९९ मध्ये एनव्हिडिया कंपनीने जीफोर्स २५६ हे कार्ड 'जीपीयू' या नावाने बाजारात आणलं. या चिपचं सामर्थ्य एकच: साधी, सारखी, पण अगणित गणितं एकाच वेळी करणं. २००७ च्या सुमारास क्युडा ही प्रणाली आली आणि या चिपकडून चित्राशी संबंध नसलेली गणितंही करून घेता येऊ लागली.

खोडदला नेमकं असंच गणित होतं. ३० अँटेनांतून दोन-दोनच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचे संदेश क्षणोक्षणी एकमेकांशी गुणायचे, त्यातून आकाशाचं चित्र घडवायचं आणि आकाशही कुणासाठी थांबत नाही. सुरुवातीला हे काम अमेरिकेच्या व्हीएलबीए दुर्बिणीसाठी घडवलेल्या खास चिपांवर उभारलेलं यंत्र करत असे. २०१० च्या सुमारास त्याची जागा बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या ताफ्याने आणि इथेच लिहिलेल्या सॉफ्टवेअरने घेतली. त्यानंतरच्या श्रेणीवाढीत टेस्ला वर्गातली जीपीयू कार्डं आली. ही गेमच्या कार्डांचीच भावंडं, फक्त पडदा जोडायची सोय नसलेली. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा पाहणारी दुर्बीण आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पाहते. जगभरच्या पोरांनी गेमच्या नादात चिपांचा जो बाजार वाढवला, त्याचा लाभ जुन्नरच्या शिवारात आकाशाला झाला.

बूस्टरचा उपद्रव

जुन्या दिवसांची एक आठवण मात्र खोडदच्या अभियंत्यांना गोड वाटत नसणार. दूरदर्शनच्या काळात गावाकडे घराच्या कौलांवर अँटेना असायची आणि चित्र स्वच्छ दिसावं म्हणून तिला बूस्टर लावलेला असायचा. बिघडलेला बूस्टर संदेश वाढवता वाढवता स्वतःच लहरी फेकू लागतो. अब्जावधी प्रकाशवर्षांवरून येणाऱ्या कुजबुजीपुढे शेजारच्या आळीतला असा बूस्टर म्हणजे ढोल-ताशाचं पथक. असे उपद्रव हुडकत गावागावांत फिरणं दुर्बिणीच्या माणसांच्या कामाचाच भाग झाला. विजेच्या तारांवरच्या सैल जोडातून उडणाऱ्या ठिणग्या हाही तसाच जुना वैरी. मग मोबाइलचे मनोरे आले.

ही शांतता फुकट मिळत नाही आणि तिचं बिल स्थानिकांच्याही नावावर पडतं. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची नारायणगावमार्गे केलेली आखणी रेल्वे मंत्रालयाने दुर्बिणीच्या कारणावरून बाजूला ठेवली. पट्ट्यातले लोक मूळ मार्गासाठी आग्रही आहेत. टोमॅटो आणि भाजीपाला शहरात लवकर पोहोचवू पाहणाऱ्या शेतकऱ्याला आंतरतारकीय हायड्रोजनचं महत्त्व पटवणं सोपं नाही, आणि त्याचा राग बिनबुडाचा आहे असंही म्हणता येत नाही.

झाकण उघडं

म्हणूनच या दुर्बिणीतून आसपासच्या माणसांच्या हाती काय येतं, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. जगाच्या हाती बरंच येतं. निरीक्षणांची माहिती ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होते. २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची जी पाहणी झाली होती, तिची माहिती खगोलशास्त्रज्ञ हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी नव्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा गाळून काढली आणि २०१७ मध्ये सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. अँटेना त्याच, नोंदी जुन्याच. २०१३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ आनंद होता यांनी सुरू केलेल्या 'रॅड अ‍ॅट होम' उपक्रमात विद्यार्थी आणि हौशी मंडळी याच प्रकारच्या प्रतिमा चाळून विलक्षण आकारांच्या दीर्घिका शोधतात.

साधनंही आवाक्यात आली आहेत. संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या एका छोट्या डोंगलमधल्या रिअलटेक चिपकडून कच्चा रेडिओ संदेश थेट मिळवता येतो, हे २०१२ च्या सुमारास हौशी प्रोग्रॅमरांनी उघडकीला आणलं. तेव्हापासून तो डोंगल, एक वर्धक आणि पत्र्याचा कर्णा एवढ्या सामग्रीवर महाविद्यालयातली मुलं १४२० मेगाहर्ट्झवरची हायड्रोजनची खूण टिपू लागली आहेत. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिची 'पुलस्त्य' ही वास्तू पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीतून उभी राहिली. तिथे अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं काड्या, नळ्या आणि टाकाऊ डब्यांतून विज्ञानाची खेळणी बनवून दाखवली. खोडदला २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, दुर्बीण सर्वांना खुली होते आणि शाळा-महाविद्यालयांतली मुलं आपापले प्रकल्प मांडतात. एरवी विज्ञानाच्या पुस्तकात भेटणारी संस्था त्या दिवशी एसटीने गाठण्याजोगी होते.

यापुढचं पाऊल टाकायला हवं असं मला वाटतं. बाजारपेठेच्या प्रत्येक गावात मोटार वाइंडिंग करणारे, शेतपंपाचे मोबाइल स्टार्टर दुरुस्त करणारे, जत्रेतला साउंड सांभाळणारे कसबी लोक असतात. सर्किट वाचणारी ही माणसं प्रदर्शनात सहसा प्रेक्षक म्हणून येतात. त्यांना शिक्षक म्हणून बोलवावं. येडगाव-नारायणगाव परिसरात वर्षभर उघडी राहणारी एक कार्यशाळा असावी, जिथे मोडका टीव्ही, जुना गेम, निकामी बूस्टर उघडता येईल, त्याचे भाग काढता येतील आणि त्यातून हायड्रोजन ऐकणारा रेडिओ जुळवता येईल. बिघडलेला बूस्टर अभियंत्यांनी गावात येऊन बंद करण्यापेक्षा, तो लहरी का फेकतो हे गावच्या पोराने मोजून दाखवलं, तर दुर्बिणीला शेजारी मिळेल.

कल्याणच्या तबकड्या एका तरुणाला मिळाल्या, कारण कुणीतरी त्या देऊन टाकायला तयार होतं. रेल्वेमार्ग आणि मनोरे यांच्या बाबतीत जुन्नर-आंबेगावची माणसं दुर्बिणीसाठी काही सोडत असतील, तर हत्यारं, सुटे भाग आणि शिकवणारे हात यांनी भरलेली एक खोली हा त्यांचा रास्त मोबदला आहे. तिचा खर्च एका अँटेनाच्या देखभालीपुढे किरकोळ असेल.